मालकांचं नाव काय?

रंभा कॉफी हाउसात शिरली ती निव्वळ नाइलाजानं. शनिवारची शिफ्ट सुटली होती, चाकणकडची एसटी यायला तास होता आणि भर उन्हात श्रावणाची सर कोसळली होती. कॉफी हाउस म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याकडेची जुनी दगडी टपालचौकी. एके काळी टपालाच्या टांग्यांचे घोडे इथं बदलत. घोडे गेले आणि कॉफीवाले आबाजी आले. घोडे बांधायच्या कड्यांना आता कामगारांच्या डब्यांच्या पिशव्या लटकत आणि पागेत जायफळ घातलेल्या कॉफीचा वास दरवळत असे.

"एकट्या बाईला बाहेर बसवत नाही आपण," आबाजी म्हणाले. "लोक टकामका बघतात."

"मग तिकडं पडद्याआड बसते."

"ती फॅमिली रूम. फॅमिली कुठाय?"

आबाजींचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रंभानं मागं पाहिलं. दारात एक उंच तरुण ओली टोपी पिळत उभा होता. तिला काय दुर्बुद्धी सुचली, तिचं तिलाच ठाऊक...

"हे काय, आले की!"

तरुणाचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आबाजींकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "उशीर झाला जरा. चला."

आबाजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ओला पदर रंभानं गळ्याशी लपेटलेला, त्यामुळं मंगळसूत्र आहे की नाही कळेना. "मालकांचं नाव काय, बाई?"

आली का पंचाईत! ठाऊक असेल तर सांगेल ना? रंभाची मान खाली गेली. पदराचं टोक बोटाभोवती फिरू लागलं, कान लाल झाले. आबाजी एकदम विरघळले. "राहू द्या, राहू द्या! नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या पोरी आता राहिल्यात कुठं!" त्यांनी स्वतः पडदा सरकवला.

आत बसताच तो कुजबुजला, "काय हो, आपलं लगीन कधी झालं? मला कुणी बोलवलंच नाही!"

रंभाला हसू दाबता दाबता ठसका लागला. "कॉफी प्या अन् गप ऱ्हावा."

"बायकोनं म्हणल्यावर ऐकावंच लागतंय."

तो ज्योतीराम, तुळजापूरकडचा. ती ज्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरी, तिथंच फिटर. आठवडाभर ती पिंपरीत मावशीकडं राही आणि शनिवारी गावी जाई. नोकरीला वडिलांनी कशीबशी परवानगी दिली होती, तीही एका अटीवर. लोक एक शब्द जरी बोलले, तरी नोकरी बंद.

पुढच्या शनिवारी आभाळ कोरडं ठणठणीत होतं. तरी दोघं आलेच. मग प्रत्येक शनिवारी रंभाचा पदर गळ्याशी घट्ट असे आणि पडद्याआड दोन कप कॉफी तासभर पुरे.

"एकदा तरी माझं नाव घ्या की," तो म्हणे.

"आबाजी हाकलतील."

"हळू घ्या."

"...न्हाई."

आबाजींचं निमित्त होतं. नाव घेतलं की हा आपल्याला परका होणार, अशी तिला भीती वाटू लागली होती. ती त्याच्या प्रेमात पडली होती आणि हे तिला पुरतं कळलं होतं.

दिवाळीआधीच्या शनिवारी तिचे वडील, सोपानराव, बाजाराला आले. लेकीला सोबतच न्यावं म्हणून ते एसटीच्या थांब्यावर तिला शोधू लागले. आबाजींनी पायरीवरून विचारलं आणि ओळख कळताच हात जोडले. "रंभाबाईंचे वडील? अहो, आत या! लेक-जावई इथंच बसलेत."

पडदा सरकला. रंभानं हातातला कप बशीत ठेवला.

"कोन ह्यो?" सोपानराव गरजले.

ज्योतीराम उठला. "मामा, चूक माझी..."

"चूक माझी हाय, दादा," रंभा मधेच वडलांना म्हणाली आणि पावसापासून सगळं सांगून मोकळी झाली.

"नवरा-बायको म्हनून बसता, अन् तसलं काय न्हाई म्हनतीस? कशावरनं मानू?"

रंभाकडं एकच पुरावा होता. तो द्यायला तिचा जीव तुटत होता.

"ज्योतीराम," ती सगळ्या कॉफी हाउसाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "ज्योतीराम ह्यांचं नाव. बायको असते तर माझ्या तोंडून निघालं असतं का?"

आबाजी मटकन बाकावर बसले. सोपानरावांचा जीव मात्र भांड्यात पडला. त्यांच्या घरात तीन पिढ्यांत एकाही बाईनं असं नाव घेतलं नव्हतं. "खरं हाय तुझं," ते पुटपुटले. "नोकरी कर. पर हितं बसनं बंद."

नोकरी वाचली. रंभानं सुटकेचा निःश्वास टाकायचा, तर तिच्या डोळ्यांना धार लागली. ज्योतीराम पडेल आवाजात म्हणाला, "पहिल्यांदा नाव घेतलंत, तेही मी कुणी नाही म्हणायला."

"तेच तर रडू येतंय!" तिनं डोळे पुसले. "दादा, आज घेतलं ते घेतलं. पुन्हा ह्यांचं नाव घ्यायची माझी इच्छा न्हाई... जल्मात न्हाई."

सोपानरावांनी बैल पारखावा तसं पोराला खालीवर न्याहाळलं. पोरानं नजर चुकवली नाही.

"वडील हाईत?"

"आहेत की. गावी."

"तुळशीचं लगीन झालं की त्यास्नी घिऊन घरी या. बघू."

"उद्याच पत्र टाकतो!"

"उद्या कशाला? आजच टाका की!" रंभा बोलून गेली. वडील शेजारीच उभे आहेत हे ध्यानात आलं, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.