पाच सेकंद

बी.एड.च्या माझ्या सराव पाठाचं निरीक्षण करणारी मैत्रीण नेमकी तापाने फणफणली, म्हणून मॅडमनी आमच्याच बॅचचा, गणिताचा एक मुलगा आणून शेवटच्या बाकावर बसवला. त्याचे गुडघे बाकात मावत नव्हते. मी मात्र जोरात होते. सातवीचा वर्ग, विज्ञान, धडा सावलीचा. पाठ संपल्यावर वही हातात घेतली, तर शेऱ्यात एकच ओळ — प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद थांबावे.

"एवढंच? माझा फळा बघितलास का? छान होता ना? होताच."

"बघ," तो हसला. "आत्तासुद्धा उत्तर तूच दिलंस."

मला राग आला. पण हसताना त्याचे डोळे बारीक होतात, हे तेवढ्यात बघून झालं होतं. घरी सांगितलं, तर आईने त्याचीच री ओढली. "बरोबर आहे त्याचं. तुझ्याशी बोलायचं म्हणजे आम्ही नुसती मान डोलवायची."

मग तो माझ्या प्रत्येक पाठाला यायला लागला, कुणी सांगितलेलं नसताना. मी प्रश्न विचारायचे आणि तो मागे बसून एकेक बोट उघडायचा. तिसऱ्या बोटाला माझा धीर सुटायचा.

परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी तो जिन्यात थांबला होता. "तुला... एक विचारू?"

"वही हवी ना? घे."

त्याने वही घेतली. त्याच्या काखेत त्याची स्वतःची वही होती, हे मला बसमध्ये बसल्यावर आठवलं. परवापासून सगळे आपापल्या गावी जाणार होते. परीक्षेचा पाठ बिघडला तर पुन्हा देता येतो. हा मुलगा पुन्हा शेवटच्या बाकावर कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर मी विचारलं, "दुपारी सावली आखूड का होते?" आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एक... दोन... तीन... परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. चार... पाच... आणि वर्षभर तोंड न उघडलेली, खिडकीजवळची मुलगी उठली. "बाई, तेव्हा सूर्य डोक्यावर येतो ना, म्हणून." मला तिचा पापाच घ्यावासा वाटला.

पाठ संपला तेव्हा तो व्हरांड्यात माझा तक्ता गुंडाळत होता. मी सरळ समोर जाऊन उभी राहिले.

"मला तू आवडतोस. तुला मी आवडते का?"

'आवडतेच, मला माहितीये' हे अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं. एक... दोन... तो नुसता बघत होता, तक्त्याची दोरी बोटाला गुंडाळत. पाच झाले. सहा. तरी मी तोंड उघडलं नाही. सात.

"हो," तो म्हणाला. "पहिल्या पाठापासून."

"मग सात सेकंद कशाला लावलेस?"

"तू पहिल्यांदाच माझ्यासाठी थांबली होतीस. जरा बघून घेतलं." त्याचे डोळे बारीक झाले. "आता माझा प्रश्न. गावी जायच्या आधी तुझ्या आईला भेटायला येऊ?"

मी ठरवलं, आता याला चांगलं ताटकळत ठेवायचं. त्याने एक बोट उघडलं... दुसरं...

तिसऱ्याला माझा धीर सुटला. "ये," मी म्हटलं, आणि ती तिन्ही बोटं हातात धरून ठेवली.