बाबागाडीचा पासंग

आमचं गाव आर्वीपासून नऊ किलोमीटरवर. तिथे मी सतरा वर्षं अंगणवाडी चालवते. माझ्याकडे सांगण्यासारखं जे असतं ते मोजलेलं असतं: कोणतं मूल किती किलोचं, कोण तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात आहे, कोण पिवळ्यात घसरलं. हेही मी मापानंच सांगते. दुसरी रीत मला येत नाही.

रंभाबाईंच्या घरी बाबागाडी आली ती माघात. सून उज्वला बाळंतपण करून माहेराहून परतली, तेव्हा तिच्या भावानं, अश्विननं, ती नागपुरातून घेऊन दिली. निळं कापड, चार चाकं, डोक्यावर मागेपुढे सरकणारी टोपी. गावातली पहिलीच. बाया पाहायला आल्या, कुणी टोपी सरकवून पाहिली, कुणी चाक फिरवून.

"हात मोकळे राह्यतात," उज्वला कौतुकानं म्हणाली.

"तेच त वाईट हाय," रंभाबाई म्हणाल्या. "बाईचे हात मोकळे दिसले का घर त्याइले काम लावते."

सगळ्या हसल्या. मी मात्र गाडीच्या बाजूनं बोलले. धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी, फडक्यावर निजवलेल्या पोरांना मुंग्या चावतात, ऊन लागतं. पोर कडेवर घेऊन वाकणाऱ्या बाईची पाठ तिशीतच जाते. गाडीत पोर जमिनीपासून वर राहतं, त्याला वारा लागतो. मी चांगली पाच मिनिटं बोलले. ते बोलणं माझं होतं, ते मी नाकारत नाही.

बारसंही गाडीतच झालं. पाट्यावरचा वरवंटा धुऊन, त्याला झबलं-टोपरं घालून बाळाच्या आधी पाळण्यात ठेवायची आपली रीत. त्या दिवसापुरता दगडाचा गोप्या होतो. रंभाबाईंनी गोप्या गाडीत ठेवला, काढला, मग नातीला ठेवलं. नाव अंकिता.

अंगणवाडीला तेव्हा नवा वजनकाटा आला होता, तो मी सोबत नेला होता. उज्वलाचा नवरा कैलास थट्टेखोर. म्हणाला, "ताई, आमच्या गोप्याचंही वजन घ्या न. त्याले पोषण आहार भेटन का?"

मी हसत हसत घेतलं. अंकिता चार किलो शंभर. गोप्या तीन किलो चारशे.

"पोट्टीनं हरवलं लेकाले!" कैलास ओरडला. अंगण हसलं. ते दोन्ही आकडे मी लिहून ठेवले, गमतीनंच.

त्यांचा भाजीचा मळा. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी वांगी. सकाळी उज्वला गाडी ढकलत वावरात जायची, पोरीसकट ती झाडाच्या सावलीत उभी करून जुड्या बांधायची आणि परतताना भरलेली पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवायची. एकदा गल्लीतच गाडी मागच्या मागे कलंडली. पोरगी हलकी, पिशवी जड. अंकिताला लागलं नाही. पण त्याच संध्याकाळी कैलासनं वरवंटा आणला आणि गाडीत पोरीच्या पायाशी ठेवला.

"पासंग," तो म्हणाला. "आता नाई कलंडत."

भाजी तोलणाऱ्या माणसाला हेच सुचणार: तराजूच्या हलक्या बाजूला वजन बांधायचं. गाडी खरंच कलंडली नाही.

रंभाबाईंना मात्र उघडा दगड पोरीजवळ बघवेना. "एक डाव गोप्या म्हनून पाळण्यात घेतला, आता त्याले गोटा म्हनू नये," म्हणत त्यांनी त्याला पुन्हा टोपरं चढवलं. रोज सकाळी अंकिताची टाळू तेलानं भरायच्या आणि बोटांना उरलेलं तेल टोपरं सारून त्याच्या माथ्यावर पुसायच्या. गाडी हलवत गुणगुणायच्या:

*चाकाची माही गाडी, चाले मेथीच्या काठानं*
*एक निजे सावलीत, एक जागे पायथ्यानं*

मी विचारलं, हे कुठलं गाणं? त्या म्हणाल्या, "कुठलं नाई. तोंडात येते."

चैत्रात अंकिता पाच किलो दोनशे भरली. पुढच्या महिन्यात पाच. त्याच्या पुढच्या महिन्यात चार किलो सातशे.

उज्वलाला दूध होतं. पोरीला ताप नव्हता, जुलाब नव्हते. आर्वीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काही निघालं नाही. पाजलेलं अंगी लागत नव्हतं एवढंच. आणि ती रडेनाशी झाली होती. घरात त्याचंही कौतुक होतं.

"गाडीत ठेवली का आवाज नाई," कैलास सांगायचा. "लय शहानी हाय."

एका सकाळी मी मळ्याच्या वाटेनं गेले. आदल्या दिवशी वाफ्यांना पाणी दिलेलं, काठची काळी माती ओली होती. तिच्यात गाडीच्या चाकांचे माग होते. पुढच्या चाकांचे खोल, बोटाच्या पेरभर. मागच्या चाकांचे नुसते ओरखडे.

पुढे गोप्या असायचा. मागे अंकिता.

मी घरी जाऊन काटा आणला. उज्वला मळ्यातून परतल्यावर त्यांच्या अंगणातल्या निंबाखाली, सपाट फरशीवर, वरवंटा ठेवला. तीन किलो नऊशे.

काटा बिघडला असेल म्हणून उज्वलाकडून मिठाचा पुडा मागितला. बरोबर एक किलो. वरवंटा धुतला, उन्हात दोन तास वाळवला, पुन्हा ठेवला. तीन किलो नऊशे. तेलानं दगड अर्धा किलो वाढत नाही, हे मला कळतं. अंकिताचं गेलं होतं तेही पाचशे ग्रॅम.

मी उज्वलाला आकड्यांचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "थोडे दिवस गाडी बंद ठेव. अंगावर धर तिला. कडेवर, मांडीवर, कशीही."

ती जुडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"आन् सांबार कोन काढन? तुमी?" दातांनी दोरी तोडून ती म्हणाली. "गाडी चांगली हाय, तुमीच म्हनल्या होत्या न ताई. सगळ्या बायांपुढं. मले वाटे का आता माह्ये हात माह्येच झाले. ते बी नाई पटत का तुमाले?"

तिच्या बोटांना हिरवा रंग चढला होता, नखांत माती होती. ती पहाटे पाचपासून उभी होती.

शेवटी रंभाबाईंनी पोरगी घेतली. आठ दिवस मांडीवरून खाली ठेवली नाही. वरवंटा परत पाट्यावर गेला. नवव्या दिवशी मी वजन घेतलं: अंकिता चार किलो सातशे साठ. काट्यावर ठेवताच तिनं असं भोकाड पसरलं की कोंबड्या पळाल्या. उज्वला रडत हसली.

मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले. गोप्या तीन किलो आठशे चाळीस.

त्याच आठवड्यात रंभाबाईंचा गुडघा सुजला. लग्नसराई होती, भाजी थांबणार नव्हती. अंकिता पुन्हा गाडीत गेली. पायाशी दगड नको, विटा ठेवा, असं मी कैलासला बजावलं. त्यानं विटा ठेवल्या.

चार दिवसांनी पाहिलं तर विटा अंगणात पडलेल्या आणि गोप्या गाडीत, टोपरं घालून.

"कशाला ठेवला पुन्हा?" मी रंभाबाईंना विचारलं.

त्या गुडघ्याला शेक देत होत्या.

"पाट्यावर एकटा पडला होता न. दुपारभर कन्हून राह्यला होता." मग माझ्याकडे न बघता, "मले ऐकू येते, बाई. तुमाले नाई येत का?"

श्रावणात अंकिता चार किलो दोनशे. तक्त्यावरचा ठिपका लाल पट्ट्यात उतरला. गोप्या चार किलो चारशे. बारशाला पोरीनं ज्याला हरवलं होतं, तो आता तिच्याहून जड होता. दोघांची बेरीज मी प्रत्येक वेळी करून पाहिली होती. चैत्रापासून ती हलली नव्हती.

आर्वीला पुन्हा नेलं. डॉक्टरांनी अंकिताच्या डोक्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "टाळू एवढ्यातच भरून कडक कशी झाली हिची?" ते म्हणाले. "नागपूरला न्या. उद्याच."

उज्वलानं येताना एसटीत पोरीला छातीशी धरून ठेवलं होतं. उतरल्यावर मला म्हणाली, "ताई, थंडगार लागते ही. दगड धरल्यावानी."

मग मी कैलासला सगळं सांगितलं. आकडे दाखवले. तो थट्टा करणारा माणूस, पण हसला नाही. त्यानं वरवंटा उचलला आणि अंगणातल्या विहिरीकडे निघाला.

दुपारची वेळ. पाऊस उघडला होता. उज्वला घरात नागपूरची पिशवी भरत होती. अंकिता ओसरीतल्या खाटेवर होती, छताकडे बघत. रंभाबाई दाराशी बसून नुसतं म्हणत होत्या, "टोपरं त काढा रे. टोपरं त काढा."

कैलास विहिरीच्या काठावर थांबला. हातातला दगड त्यानं माझ्यापुढे धरला.

"काढा ताई. मायचं मन राह्यते."

मी गाठ सोडली. टोपरं तेलानं चिकटलं होतं. वरवंट्याचा माथा काळा, गुळगुळीत, रोजच्या तेलानं चमकणारा. तेल पुसावं म्हणून मी अंगठा टेकला.

अंगठा आत गेला.

फार नाही. जरासाच. साईवर टेकवावा तसा.

मी तो तिथेच ठेवला. मोजत राहिले. अंगठ्याखाली टाळूसारखं बारीक, भरभर, न चुकता उडत होतं.

मागे ओसरीत अंकिता निपचित होती. एक माशी तिच्या कपाळावर बसली होती, ती उठत नव्हती.

"टाकू न?" कैलास म्हणाला.

विहिरीत काय पडेल हे मला ठाऊक नव्हतं. खाटेवर काय उरेल, तेही नाही. मी वरवंटा त्याच्या हातून काढून घेतला. दोन्ही हात लागले.

"राहू दे," मी म्हणाले. "नागपूरला सोबत न्या. गाडीला पासंग लागतो."

टोपरं पुन्हा बांधलं. गाठ फार आवळली नाही. त्याला गाडीत ठेवलं. पायाशी नाही, उशाशी. निंबाच्या फांदीतून ऊन सरकून आत येत होतं, म्हणून मी गाडीची टोपी पुढे ओढली, आणि हात आपोआप दांड्यावर गेला. हलवू लागला.

अंकिता खाटेवर होती. ऊन तिच्याही तोंडावर आलं होतं.