रिकाम्या खुर्चीचा घोट

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या, निल्दाच्या बाबतीत घडलेली आहे. शेवट तर मी या डोळ्यांनी पाहिलाय.

आमच्या कॉन्सेप्सियोन गावातलं एक जुनं हॉस्पिटल. जानेवारीतली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातली भर दुपार. आमच्याकडे भुतं रात्रीची वाट बघत नाहीत. गाव दुपारचं झोपलं, की येतात.

निल्दा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. बायकांच्या वॉर्डात शिकायला पाठवलेली. शाळेत सांगितलं होतं, प्रत्येक जखमेला नवे हातमोजे. इथे मुख्य नर्स न्या तेओदोरा, म्हणजे तेओदोराबाई, एकाच जोडीवर अख्खी रांग उरकायची. एकीचा पू पुसला, की तीच बोटं दुसरीच्या टाक्यांवर.

शी! निल्दाने एकदा विचारलंच.

"न्या तेओदोरा, मोजे बदलू का?"

"बदला ना, बाईसाहेब! बापाचा कारखाना आहे ना मोज्यांचा! शाळा राहिली शाळेत. माझ्या हाताखालून पास व्हायचंय ना?"

व्हायचं होतं. निल्दाने तेच मोजे घालून पुढची जखम पुसली.

शेवटच्या खाटेवर न्या सेफेरिना होती. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. नर्सांचं थंडगार तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा चहा, सुरू झालं, की ही हसत खुर्ची ओढून त्यांच्यात बसायची. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, आळीपाळीने सगळ्या ओढणार. भरून द्यायचं काम सर्वांत धाकटीचं, म्हणजे निल्दाचं. बस्स झालं की 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणायचं. तोवर पेला पुन्हा येणारच.

"मी नाही हो ग्रासियास म्हणायची," सेफेरिना म्हणायची. "तू भरत राहा, पोरी."

पुढे तिची जखम सडली. वास दारापर्यंत यायचा. त्यातच ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निल्दाने पेला भरला. तेओदोराला दिला. मग स्वतःसाठी भरला. नळीला तोंड लावणार तोच...

सुर्रर्र...

पेला रिकामा!

समोर सेफेरिनाची खुर्ची. तीही रिकामी. पण वास... तोच वास. आणि नळीच्या टोकाला काहीतरी पिवळं, चिकट...

"न्या तेओदोरा! बघा ना हे!"

तेओदोराने मोज्याच्या बोटाने नळी पुसली.

"ओरडतेस काय? ती ग्रासियास म्हणालीय का? भर तिचा. होते सवय."

निल्दाने भरला.

आज त्या वॉर्डची मुख्य नर्स निल्दाच आहे. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो. रांग उरकून ती तेरेरेला येऊन बसली. हातात मोजे तसेच. एक शिकाऊ मुलगी पेला भरत होती.

भोवती रिकाम्या खुर्च्या... पूर्वी एक होती, आता तीन.

मुलगी एकेका खुर्चीपुढे पेला धरायची.

सुर्रर्र... सुर्रर्र... सुर्रर्र...

"सिस्टर," मुलगी हळूच म्हणाली, "संध्याकाळी तरी मोजे बदलूया का?"

"शाळा राहिली शाळेत," निल्दा म्हणाली.

मग पेला माझ्यापुढे आला. घोटही न घेता मी ग्रासियास म्हणालो आणि बाहेर पळालो.

त्या खुर्च्यांमधून मात्र कुणीच ग्रासियास म्हणालं नाही.