लाल फुलीचा शिरीष

साहेब, गाडीची काचसुद्धा खाली न करता तुम्ही झाडं मेली ठरवलीत. पान दिसत नाही ना, मारा लाल फुली! तीही ऐन पानगळीत. लाज कशी वाटली नाही?

त्या फुलीखाली आज मी उभी होते. मी रोपवाटिकेत काम करते. वर फांदीवर तो... तुमचा करवतवाला.

गेल्या वर्षी तो रस्त्याकडेची झाडं छाटत होता, तेव्हा वरून एक पान माझ्या डोक्यावर पडलं.

"सॉरी हं! ओळखा बरं, कुणाचं?"

मी चुरगाळून वास घेतला. "जांभळाचं. आणि पाडणारा आगाऊ आहे."

मग तो खेळच झाला. मी डोळे मिटायचे, तो तळहातावर कधी करंजाची शेंग ठेवायचा, कधी सालीचा तुकडा. त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळायची... मीही ओळखायला मुद्दाम उशीर लावायचे.

आज मात्र करवत घरघरत होती.

"बाजूला हो, फांदी येईल अंगावर!"

"अरे, जिवंत आहे ते! भेगाळलेली साल बघ, त्या खुळखुळणाऱ्या चपट्या शेंगा बघ. शिरीष आहे. थोड्या दिवसांत पालवी फुटेल."

"साहेबांचा हुकूम आहे गं."

"आणि तुला नखं नाहीत? डहाळी खरवडून बघ!"

करवत थांबली. शेंगा तेवढ्या वाजत राहिल्या. त्याने नखाने डहाळी खरवडली...

"आतून हिरवीगार आहे."

तेवढ्यात तुमचा फोन. शेवटचं वाक्य खाली मलाही ऐकू आलं, "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. दुसरी गाडी पाठवतो!"

"पाठवा," तो म्हणाला. "मी झाडावरून उतरत नाही."

मी शिडी चढले. त्याच्याशेजारी बसले. थोड्याच वेळात कोपऱ्यावर तुमची ती दुसरी गाडी वळलीच.

"उद्या तुझ्या घरी मागणी घालायला येणार होतो," तो पुटपुटला. "आता नोकरीच गेली. कुठल्या तोंडाने येऊ?"

"आहे त्याच तोंडाने ये. मला आवडतं ते."

तो लाल झाला. गाडी खाली येऊन थांबली, दारं आपटली, माणसं ओरडायला लागली.

"खाली काय बघतोस? माझ्याकडे बघ. उद्या येतोयस की नाही? बोल!"