बाहेरचा स्क्रीन

पहिल्यांदा तो डोळ्यांच्या दवाखान्यात आला, तेव्हा तिथल्या रिसेप्शनिस्ट बाईसाहेबांनी, म्हणजे हिनेच, त्याला पेशंट समजून बसवलं आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. "अहो, मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला..." असं तो म्हणेपर्यंत कारभार आटोपला होता. नजर अशी धूसर झाली, की स्क्रू कुठला नि भोक कुठलं, काही कळेना. मग काय, बसला बिचारा संध्याकाळपर्यंत बाकावर, हिच्याशी गप्पा मारत. तेव्हापासून ही जी कामातून गेली, ती गेलीच.

आज तो शेवटचा येणार होता. उद्यापासून त्याच्या कंपनीच्या दुसऱ्या गावच्या शाखेत बदली. सांगायचं तर आजच... सकाळपासून हिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पेन कानामागे खोचून टेबलभर पेन शोधत होती.

काम तसं किरकोळ. डब्याएवढा नवा कॉम्प्युटर, त्याला दोन स्क्रीन जोडायचे. एक हिच्या टेबलावर, दुसरा बाहेर, पेशंटांना नंबर दिसावा म्हणून. टेबलावरचा झटक्यात लागला. बाहेरचा जुना, त्याची पिन वेगळी, म्हणून मध्ये अडॅप्टर हवा. त्याने एक लावला. स्क्रीन काळाच.

"दुसरा लावून बघतो," म्हणत तो बाहेर जाऊन पुन्हा स्टुलावर चढला.

"पडाल हं."

"पडलो तर तुम्ही आहातच. फक्त थेंब घालू नका."

ती हसली, आणि लगेच मनात आलं, उद्यापासून असं कोण बोलणार? बाहेरचा स्क्रीन काळाच आहे ना, हे मान वाकडी करून पाहिलं तिने, आणि समोरच्या कॉम्प्युटरवरूनच ताईला मेसेज टाकला, 'ताई, तो चाललाय गं. मला तो भयंकर आवडतो. जीभच रेटत नाही, काय करू?'

नेमका तेव्हाच अडॅप्टर बसला. टेबलावरचं जसंच्या तसं बाहेर उमटलं, चांगलं मोठ्या अक्षरांत. दोन्हीकडे वेगवेगळं दिसण्याची सेटिंग अजून व्हायचीच होती.

बाकावरच्या सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब. त्यांना नुसता उजेड दिसला.

"काय आलं रे, बाळा? माझा नंबर का?" एका आजींनी विचारलं.

तो स्टुलावर तसाच उभा. वाचून झालं तरी उतरेना. हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेसेज बंद करायला ती माउसकडे झेपावली. तेवढ्यात ताईचं उत्तर येऊन थडकलं.

"नाही, आजी," तो सावकाश म्हणाला. "तिची ताई म्हणतेय, सांगून टाक, बावळट."

"मग सांगितलं का तिने?"

आता लपवायला उरलं काय? ती उठून दारात आली.

"मला तुम्ही आवडता," आवाज चिरकला, तरी म्हणाली. "जाऊ नका, असं नाही म्हणत. पण... तुम्हाला माहीत असावं."

तो खाली उतरला. कान लालबुंद.

"पहिला अडॅप्टर चालणार नाही, हे ठाऊक होतं मला. तरी लावला... तेवढंच थांबायला मिळेल म्हणून." मग स्टूल बाजूला सारत, "बदली काही टळत नाही. पण रविवारी येईन. दर रविवारी येईन. तू येशील स्टँडवर?"

"येईन. पण तुम्ही... तू... नक्की येशील ना?"

"आता न येऊन सांगतोय कुणाला," तो म्हणाला.