‘शुभविवाह’ खोडता येईना

त्या दुपारी गुलाबाच्या पाकळ्यांनी मला अगदी जेरीस आणलं होतं.

खऱ्या पाकळ्या नव्हेत, पडद्यावरच्या. बीडच्या जालना रोडवर मोबाईलच्या एका दुकानावर मकसूदभाईंचं ऑफिस आहे. एका कंपनीच्या ऑनलाइन एडिटरसाठी आम्ही तिथं व्हिडिओचे टेम्प्लेट बनवतो. हलतं-डुलतं सगळं चित्र आम्ही तयार करून ठेवायचं. मग लोकांनी त्यात आपला फोटो टाकायचा, नाव बदलायचं, आवडीचा रंग निवडायचा, की झाली पत्रिका. लग्न, बारसं, वास्तुशांती, श्रद्धांजली... सगळ्यांसाठी, आणि तसं बघितलं तर कुणासाठीच नाही. सकाळपासून मी एकाच लग्नपत्रिकेत अडकले होते. कंपनीतला तपासणारा म्हणाला, पाकळ्या हळू पडू द्या. हळू केल्या. मग म्हणाला, आता मरगळल्यासारख्या वाटतात.

मरगळले मी होते, पाकळ्या काय करणार!

डोळ्यांवर पाणी मारून खाली छबुबाईच्या टपरीवर आले. बाकड्यावर एक जण बसला होता. रापलेला चेहरा, खांद्यावर टॉवेल, आणि हातातल्या मोबाईलकडं असा डोळे वटारून बघत होता, जणू त्या मोबाईलनं त्याला शिवी दिलीय. मी चहाचा कप उचलला, सहज नजर गेली — माझ्याच पाकळ्या! माझंच, मागं केलेलं टेम्प्लेट. कुणा खऱ्या माणसाच्या हातात ते मी पहिल्यांदाच बघत होते. जरा ऊर भरून आला... आणि मग मला नवरदेव दिसला.

वर सोनेरी अक्षरांत ‘शुभविवाह’. खाली ‘चि. बादशा’. आणि मधल्या नक्षीदार चौकटीत, वळणदार शिंगांचा एक दांडगा मेंढा.

चहा माझ्या नाकात गेला.

“हसायला काय झालं, मॅडम?” त्यानं विचारलं.

“काय न्हाई... नवरदेव लई देखणा हाय.”

“हायच की. घाटनांदुरात असला मेंढा दुसरा न्हाई.” तो अगदी गंभीर. “इकायचाय. ग्रुपवर टाकायला व्हिडिओ करतोय. जनावराचं टेम्प्लेट ह्याच्यात सापडेना, म्हणून लगनाचं घेतलं. पण हे ‘शुभविवाह’ काही केल्या खोडता येईना. कावून केलं असंल बे असं—” त्यानं जीभ चावली. “तुमाला न्हाई म्हणलो. बनवणाऱ्याला म्हणलो.”

“बनवणारा न्हाई, बनवणारी,” मी म्हटलं. “त्या अक्षरांना कुलूप मीच घातलंय. लोकं नको तिथं बोट लावतात आन् सगळं बिघडवतात.”

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग वरच्या ऑफिसच्या पाटीकडं, मग पुन्हा माझ्याकडं — या वेळी जरा जास्तच वेळ.

“मग किल्लीबी तुमच्याकडंच असंल.”

मी कपात बघत राहिले. कप कधीच रिकामा झाला होता.

“नवरीची जागा मोकळी कावून?” मी विषय बदलला.

“जो बादशाला घेईल, त्याच्या मेंढ्या असतील की. आमी कावून मधी पडावं?”

त्याचं नाव अंगद. मेंढरांची औषधं न्यायला बीडला आलेला. आई-बापाचा मेंढरांचा धंदा, त्यात हा आणि धाकटा भाऊ सिदू. शिकला बी.ए.पर्यंत, पण कळप सोडवला नाही. हे सगळं त्यानं दुसरा चहा संपायच्या आत सांगून टाकलं. नंबर मीच मागितला. कामासाठी. टेम्प्लेट पाठवायला...

मी खरंच बसले करायला. गुलाब नाही, झालर नाही. माळरान, मागं हलणारं गवत, मोठा फोटो, खाली जात, दात, गाव, फोन. मेंढराचं वय दातांवरून सांगतात, हे मला ठाऊक होतं. माझ्या आज्यानंही मेंढरं राखलेली. आणि या वेळी कशालाच कुलूप घातलं नाही. कंपनीनं कळवलं, असला प्रकार आमच्याकडं नाही. मकसूदभाईंनी ते ‘इतर’मध्ये ढकलून दिलं आणि म्हणाले, “राहू दे बेटा. कितने दिवसांनी तुझ्या चेहऱ्यावर रौनक आली.”

बादशा विकला गेला. अंगद पेढे घेऊन ऑफिसात आला.

“मेंढा विकल्याचे पेढे?”

“नांदायला गेला ना माजलगावला. पेढे नकोत वाटायला?”

मग तो येत राहिला. कधी लसीसाठी, कधी कोर्टात कुणाच्या कामासाठी, कधी नुसताच... आणि नुसताच आला की फार वेळ औषधाच्या दुकानांबद्दल बोलायचा. अंगाला त्याच्या लोकरीचा आणि धुराचा वास. आधी मला तो नकोसा वाटायचा. मग एकदा तो गेल्यावर खुर्चीला तो वास राहिला होता, आणि मी ती खुर्ची संध्याकाळपर्यंत हलवली नाही.

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते कळलं नाही. त्यानं मात्र ‘मॅडम’ सोडलं नाही. “तू जेवलीस का, मॅडम?” असं काहीतरी विचित्र बोलायचा.

दिवाळी झाली आणि तो म्हणाला, “आता निघायचं. गंगाथडीला. परभणीच्या पुढं.”

मला माहीत होतं. गोदावरीकाठच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत, मुक्काम हलवत हलवत जायचं, उन्हाळा संपता संपता परत फिरायचं. माहीत असूनही ऐकायला नको वाटलं.

कारण माझं लहानपण असंच गेलेलं. आम्ही शिरूर कासारचे. दिवाळी झाली की आई-बापू ऊसतोडीला निघायचे. थोडी मोठी होईपर्यंत मीही सोबत. पाचटाची झोपडी, आमची कोपी, उभी राहायची, तिथं आई चूल मांडायची, मी माझी बाहुली ठेवायला कोपरा शोधायची. आणि कोपरा आपला वाटायला लागला की बापू कोपी मोडायचे. तेव्हापासून मला एकच हवं होतं — जागेवर राहणारं काहीतरी. दार, भिंत, खिडकी. उठून न जाणारं.

आणि मन बसलं ते मेंढरांमागं जाणाऱ्यावर.

लग्नसराई सुरू झाली आणि कंपनीनं कामाचा सपाटा लावला. पत्रिका, पत्रिका, पत्रिका. हळदीच्या वेगळ्या, रिसेप्शनच्या वेगळ्या. मान अवघडायची, डोळे चुरचुरायचे. नमुन्याला टाकलेली खोटी नावं बघून बघून मला ती माणसं खरी वाटायला लागली होती. हजारदा लग्न लागलं त्यांचं, बिचारी तरी हसतच होती. मधेच अंगदचा आवाज यायचा, मोबाईलवर. मागं घंट्या, कुत्र्याचं भुंकणं, वारा. “आज हरभऱ्याच्या रानाशेजारी हाव. सिदू हरभरा चोरून खातोय. तू काय करतीस, मॅडम?”

“लोकांची लग्नं लावतेय.”

“आन् आपलं?” तो एकदा म्हणाला. मग घाईनं — “म्हणजे, तुझं?”

“काम पडलंय,” म्हणून मी विषय तोडला. दमले होते. आणि घाबरलेही होते.

मग आईचा फोन आला, कारखान्यावरून. आवाजात कितीतरी दिवसांनी उत्साह. धोंडीराममामानं स्थळ आणलं होतं. मुलगा पुण्याजवळ कंपनीत, वाघोलीत स्वतःचा फ्लॅट. “पक्कं घर हाय, मोहिने. लिफ्ट हाय म्हणं. रविवारी मामाकडं बघायला येतेत. आमाला काय येता यायचं न्हाई, पर तू जा, माय.”

पक्कं घर. मला हवं होतं तेच.

मी अंगदला फोन केला. “मला बघायला येतायत,” सांगितलं.

पलीकडं घंट्या वाजत होत्या.

“घर पक्कं हाय का त्याचं?” त्यानं विचारलं.

“हाय.”

“मग... चांगलंय की.”

फोन मीच ठेवला. रडायलाही अंगात त्राण नव्हतं. समोरच्या पत्रिकेतलं वधूचं नाव सरळ करायचं राहिलं होतं, ते केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मकसूदभाईंनी मला हाक मारली. दारात अंगद उभा होता. केसांत धूळ, डोळे लाल, खांद्यावर घोंगडी. परभणीहून माजलगावमार्गे, मिळेल त्या गाडीनं आला होता. मकसूदभाईंनी एकवार त्याला पाहिलं, एकवार मला, आणि म्हणाले, “मी नमाजला जाऊन येतो. चहा सांगतो खालून.” आणि दार लोटून गेले.

“कावून आलास?” मी विचारलं.

“फोनवर खोटं बोललो. ते सांगाया आलो.” तो बसला नाही. “चांगलं न्हाई ते. कायच चांगलं न्हाई. तू दुसरीकडं गेलीस तर... मला लई जड जाईल, मोहिनी.”

पहिल्यांदा ‘मॅडम’ नाही.

“मला जागेवर राहणारं घर पाहिजे, अंगद.”

“घर कुठं जातंय? जातो मी. बीडात खोली घेऊ, तू हितंच राहा, तुझं काम कर. मागं-मागं चल असं मी कधी म्हणणार न्हाई.”

“आन् मी काय करायचं? वाट बघायची?”

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती त्याला. नेली नाही.

“हां,” तो म्हणाला. “बघावी लागंल. दिवाळीपासून उन्हाळ्यापस्तोर. मधून येत जाईन, पण बघावीच लागंल. खोटं कशाला बोलू?”

मी त्याच्याकडं पाहत राहिले. मला कळेना, हे ऐकून हलकं कसं वाटतंय. पण वाटत होतं. वाट तर मी गेले कित्येक दिवस बघतच होते — सकाळी उठल्यापासून, त्या घंट्यांची. आणि वाघोलीच्या लिफ्टमध्ये उभी राहूनही मी तेच करणार होते.

मी आईला फोन लावला. “आई, रविवारी मी जाणार न्हाई,” म्हटलं आणि सगळं सांगितलं. मेंढरांसकट.

कोयत्याचे सपासप आवाज तेवढे येत होते.

“जलमभर आमी फिरलो,” ती शेवटी म्हणाली, “आन् तू पुन्हा फिरत्यालाच धरलंस.” रागावली नव्हती. थकलेली होती फक्त. “हाय का तो तिथं? दे त्याला.”

अंगदनं टॉवेलला हात पुसून फोन घेतला. मी स्पीकर लावला.

“पावसाळ्यात घरी असतोस?”

“असतो, मावशी.”

“कळपासंगं पोरीला नेशील?”

“न्हाई. ती म्हणली तरच. तेबी बघायला म्हणून.”

“भाकर कोण करतं तिकडं?”

“मीच. आईचे गुडघे गेलेत, आता ती घरीच असती. जमतात मला, जरा जाड होतात.”

पलीकडून एक आवाज आला. आई हसली होती की खोकली होती, सांगता येणार नाही. “पट्टा पडला की आमी गावाला येतो. तेव्हा घरी ये. समोर बसून बोलू. आन् पोरीला सांग, रविवारचं मामाला मी बघते.”

फोन बंद झाला. आम्ही दोघंही एकमेकांकडं न बघता उभे.

“पट्टा पडला म्हणजे?” त्यानं हळूच विचारलं.

“ऊसतोडीचा सीझन संपला की.”

“म्हणजे... हो म्हणल्या?”

“न्हाई म्हणली न्हाई.”

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते कुठल्याच टेम्प्लेटमध्ये कधी बसणार नाही.

छबुबाईचा चहा वर आला. आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तो प्यायलो. ऊन उतरत होतं. तो सिदूबद्दल, एका अडलेल्या मेंढीबद्दल काहीतरी सांगत होता. मी टेकले जराशी, घोंगडीवर. ती खरखरीत होती, आणि ऊबदार. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. तो तसाच बसलेला, खांदा जराही न हलवता.

“उठवलं कावून न्हाईस?” मी दचकून म्हटलं.

“दमली होतीस.”

“तुझी माजलगावची गाडी?”

“गेली.”

“आता रे?”

त्यानं अवघडलेला हात हळूच सोडवला, मुंग्या आलेली बोटं उघडझाप केली आणि माझ्याकडं बघून हसला.

“दुसरी असती की,” म्हणाला. “नीज अजून थोडं.”