तडेवाल्या बदकाचा दुसरा साक्षीदार

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी तलावावर एक पांढरं बदक उतरलं, चार मिनिटं थांबलं आणि धुक्यात नाहीसं झालं.

जलशुद्धीकरण केंद्रातली रसायनतज्ज्ञ तेव्हा बांधावर वाकून पाण्याचा नमुना घेत होती. बाटली तशीच हातात राहिली. शुभ्र अंग, त्यावर बर्फाला तडे जावेत तशा बारीक काळ्या रेषा, डोळ्याभोवती काळा डाग... हे वर्णन तिला लहानपणापासून तोंडपाठ होतं.

तिचे बाबा याच केंद्रात पंपचालक होते. बावीस हिवाळ्यांपूर्वी त्यांनी हेच बदक पाहिलं होतं, पण एकट्यानं. गावातल्या पक्षिमंडळाचा नियम कडक होता: दुर्मिळ पक्षी दोघांनी एकाच वेळी पाहायचा आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता आपापलं लिहून द्यायचं. बाबांच्या नोंदीवर लाल शाईत ‘अमान्य’ पडलं. पंपावर डुलकी लागली असेल, म्हणून लोक हसले आणि निवृत्तीपर्यंत त्यांना ‘बदकराव’ म्हणत राहिले. आता काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. तिची नोंद मान्य झाली, तर त्यांची जुनी नोंदही मंडळाला पुन्हा उघडावी लागणार होती.

फाटकावर मंडळाचा नंबर होता. तिनं फोन लावला. वीस मिनिटांत एक माणूस सायकलवरून धापा टाकत आला. स्वेटर उलटा घातलेला.

“कुठाय?”

“गेलं.”

“एवढा चढ चढून आलो हो मी!”

“त्याला सांगितलं होतं थांबायला. ऐकलं नाही.”

तो हसला नाही, पण हसू आवरताना त्याचे कान लाल झाले. गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि मंडळाच्या नोंदी तोच ठेवायचा.

“तुमची खात्री आहे?”

“माझी आहे. तुमच्या नियमाची नाही.”

“दुकान दहाला उघडतं,” तो म्हणाला. “तोवर रोज येईन. तुम्हाला एकटीला सोडून कसं चालेल... म्हणजे – नोंदीसाठी.”

“हो, हो. नोंदीसाठीच.”

तो खरंच रोज आला. ती नमुने घ्यायची, तो बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. पाण्यावरून वाफ उठायची, बोटं गारठून जायची. बदक येत नव्हतं.

आठव्या दिवशी तो म्हणाला, “तुमचा चष्मा सारखा घसरतो. द्या इकडे.” खिशातल्या बारीक पेचकसानं त्यानं काड्या आवळल्या आणि चष्मा स्वतःच तिच्या कानांवर बसवला. बोटं बर्फासारखी होती. तिचे कान मात्र दुपारपर्यंत तापलेले राहिले.

“आज कोण आलं होतं?” संध्याकाळी बाबांनी विचारलं.

“चष्मेवाले.”

“मी बदकाचं विचारतोय, पोरी.”

सतराव्या दिवशी, सात वाजून चार मिनिटांनी, ते आलं. पाण्याच्या टाकीमागून निघालं, दोघांच्या समोरून सरळ गेलं आणि धुक्यात शिरलं. जेमतेम पाच सेकंद. ती ओरडली, “ते बघा!” आणि लगेच तोंडावर हात ठेवला. नियम म्हणजे नियम.

पंपघरातल्या बाकावर दोघं पाठीला पाठ लावून लिहायला बसले. तिचं पान भरलं. तिच्या पाठीमागं पेन थांबत होतं, खोडत होतं, पुन्हा थांबत होतं. सह्या झाल्यावर दोघांनी कागद एकमेकांना दिले. त्याच्या कागदावर लिहिलं होतं:

‘वेळ ७.०४. पक्षी दिसला नाही. त्या वेळी मी निरीक्षक महिलेकडे पाहत होतो. कारण वैयक्तिक. गेले दोन आठवडे तेच.’

तिनं ते दोनदा वाचलं. आधी चेहरा फुलला, मग पडला.

“तीन शब्द लिहायचे होते. ‘पांढरं बदक पाहिलं’.”

“लिहिले होते. खोडले.”

“का?”

“तुमच्या बाबांना बावीस वर्षं खोटं ठरवलं गेलं. ते खरं होतं हे सांगायला मी खोटं बोलू?”

“लोकांचे डोळे तपासता तुम्ही!” तिचा आवाज चिरकला. “आता घरी काय सांगू? बदक आलं होतं, पण साक्षीदाराचं लक्ष नव्हतं?”

“लक्ष होतं...” तो हळूच म्हणाला.

ती दोन्ही कागद उचलून निघून गेली.

त्या संध्याकाळी तिनं दोन्ही कागद बाबांना वाचून दाखवले. त्यांनी त्याचा कागद पुन्हा एकदा वाचायला लावला.

“माणूस लबाड नाही,” ते शेवटी म्हणाले. “पण माझं बदक गेलं गं.” मग थोड्या वेळानं, “राग आलाय तुला?”

“आलाय.”

“त्याचा, की बदकाचा?”

“बाबा!”

मंडळाच्या बैठकीत दोन्ही कागद वाचले गेले. कुणी हसलं नाही. नोंद फेटाळली नाही, मानलीही नाही. हिवाळा संपेपर्यंत निर्णय राखून ठेवला आणि साक्षीदार बदलला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती चष्म्याच्या दुकानात शिरली.

“सोमवारपासून शाळेतल्या निवृत्त बाई येणार आहेत म्हणे.”

“चांगलं झालं.” तो काच पुसत राहिला. “त्यांचं लक्ष राहील.”

“माझं राहणार नाही.”

त्याचा हात थांबला. “मग... मी येऊ?”

“बाबांची नोंद उघडली नाही, तर मी तुमच्याशी कशी वागेन, मला खरंच माहीत नाही. आज मन एक सांगतं, घरी त्यांचा चेहरा पाहिला की दुसरंच. हे चालेल?”

“चालेल असं म्हणवत नाही,” तो म्हणाला. “पण येईन.”

हिवाळ्याचे एकोणीस दिवस उरले आहेत. बदक पुन्हा आलेलं नाही. आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी बाईंनी वहीत लिहिलेली नोंद अशी: ‘धुकं दाट. वारा नाही. पक्षी नाही. बांधावर हजर – तिघं.’